पांच अक्षांचें यंत्र कोणास हवें?

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यानें रांजणगांवच्या महागणपतीच्या दर्शनास निघालेल्या गृहस्थास देवस्थानाच्या आसपास एक निराळेंच दृश्य दिसूं लागतें. शेतें आणि बांध मागें पडतात आणि पत्र्याच्या छपरांचे लांबलचक कारखाने सुरू होतात. शिरूर तालुक्यांतील या औद्योगिक वसाहतीशीं पुष्कळ नागरी घरांचा नित्य संबंध येतो. फक्त तो त्यांच्या ध्यानांत येत नाहीं. स्वयंपाकघरांतील शीतकपाट, मोरीशेजारचें कपडे धुण्याचें यंत्र, दारांत उभी असलेली मोटार, यांपैकीं एखादी वस्तु तेथूनच बाहेर पडलेली असण्याचा बराच संभव असतो.

मोठ्या कारखान्यांचीं नांवें रस्त्यावरून वाचतां येतात. परंतु त्यांच्या आड जीं लहान लहान छपरें उभीं असतात, त्यांवर नांवाची पाटीहि बहुधा नजरेंत भरत नाहीं. मोटारींचे, पंपांचे आणि यंत्रांचे सुटे भाग कापले, कोरले आणि घासले जातात ते अशाच छपरांखालीं. अशा एखाद्या छपराचा मालक श्रोत्यांनीं डोळ्यांपुढें आणावा. समजा, त्याच्या वडिलांची जमीन वसाहतीकरितां गेली. मोबदल्याचा जो पैसा हातीं आला, त्यांतील बराचसा त्यानें एका यंत्रांत घातला. घरची माणसें आणि चार कामगार आज त्या यंत्रावर पोसले जात आहेत. एके दिवशीं गिऱ्हाइकाकडून एका नव्या भागाचें ड्रॉइंग येतें. यंत्र विकणारा प्रतिनिधि तें पाहून सांगतो, "हें काम पांच-अक्षी यंत्रावांचून व्हावयाचें नाहीं." बँक कर्ज देण्यास तयार आहे. शेजाऱ्यानें तसलें यंत्र घेतल्याचीहि वार्ता आहे. मालक रात्रीं हिशेबाची वही घेऊन बसतो. तें यंत्र घ्यावें कीं न घ्यावें? या एका उत्तरावर त्या कुटुंबाचीं पुढचीं दहा वर्षें अवलंबून असतात, आणि आजच्या भाषणाचा विषय हा एवढाच प्रश्न आहे.

अक्ष म्हणजे काय, हें समजून घेण्यास कारखान्यांत जाण्याची आवश्यकता नाहीं. विळीवर बसलेल्या गृहिणीकडे पाहिलें म्हणजे पुरे. विळीचें पातें जागचें हालत नाहीं. हालतो तो हात. काकडीच्या चकत्या करावयाच्या असल्या, तर हात काकडी उजवी-डावीकडे नेतो, पुढें-मागें नेतो, वर-खालीं करतो. हीं तीन सरळ रेषेंतील चलनें झालीं. परंतु कैरीची साल काढावयाची वेळ आली कीं, एवढ्यानें भागत नाहीं. मनगट वळतें, कैरी कलते, फिरते, आणि पात्यापुढें क्षणोक्षणीं नवी बाजू येते. अशीं वळणेंहि तीनच प्रकारचीं संभवतात, कारण ज्या तीन रेषांवरून सरळ जातां येतें, त्याच तीन रेषांभोंवतीं फिरतां येतें.

तीन सरळ चलनें आणि तीन वळणें मिळून सहा. अवकाशांत मोकळ्या असलेल्या कोणत्याहि घन पदार्थास याहून अधिक स्वातंत्र्य नसतें. मग यंत्रें पांच अक्षांचीं कां, सहांचीं कां नव्हेत? याचें कारण मोठें साधें आहे. मिलिंगच्या यंत्रांत कापणारें हत्यार स्वतःभोंवतींच गरगर फिरत असतें. तें त्याच रेषेभोंवतीं आणखी थोडें वळविलें, तर कापण्यांत कांहींच फरक पडत नाहीं. सहावें वळण तेथेंच जिरतें. उरलेल्या पांचांनीं हत्याराचें टोंक हव्या त्या बिंदूवर, हव्या त्या दिशेनें नेतां येतें. कारखान्यांत सरळ चलनांस एक्स, वाय, झेड आणि वळणांस ए, बी, सी अशीं नांवें आहेत. यंत्र पांच-अक्षी म्हणजे तीन सरळ अक्ष आणि वळणांपैकीं कोणतेहि दोन. कांहीं यंत्रांत हत्यारच मान वांकवितें. कांहींत विळीवरच्या हाताप्रमाणें खालचें मेज कलतें आणि फिरतें. जड वस्तूस पहिला प्रकार सोयीचा, लहान वस्तूस दुसरा.

जें मनगट सहज करतें, तें लोखंडाकडून करवून घेण्यास मनुष्यास फार काळ लागला. सुमारें १८०० सालीं लंडनमध्यें हेन्री मॉडस्ले यानें स्क्रू कापणारा अचूक लेथ सिद्ध केला आणि कापणारें हत्यार कारागिराच्या हातांतून सुटून यंत्राच्या पकडींत गेलें. महाराष्ट्रांत लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसविली आणि तेथें लोखंडी नांगर होऊं लागले. पुढें १९४१ मध्यें हरिहर येथें किर्लोस्करांचा लेथ बनविण्याचा कारखाना निघाला. तोंपर्यंत लेथचें हत्यार हव्या त्या जागीं नेणारें चाक मात्र बहुधा मनुष्यच फिरवीत असे. अमेरिकेंत हेलिकॉप्टरच्या पात्यांचें काम करणाऱ्या जॉन पार्सन्स यांस पात्याचा वक्र आकार अनेक बिंदूंच्या आंकड्यांनीं सांगावा अशी कल्पना सुचली. त्या कल्पनेच्या पाठपुराव्यांतून मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यालयांत १९५२ सालीं भोंकें पाडलेल्या कागदी फितीच्या हुकुमानें चालणारें मिलिंग यंत्र लोकांस दाखविण्यांत आलें. त्यास तीन अक्ष होते. पुढें फितीची जागा संगणकानें घेतली, आणि आज ज्यास सर्वत्र सीएनसी म्हणतात तें यंत्र जन्मास आलें.

अधिक अक्षांच्या यंत्रांचें सामर्थ्य केवढें असतें, याची साक्ष १९८७ सालच्या एका गाजलेल्या प्रकरणानें दिली. जपानच्या तोशिबा मशीन कंपनीनें नॉर्वेच्या काँग्सबर्ग कंपनीच्या साह्यानें सोव्हिएट रशियास जहाजांचे पंखे कोरणारीं बहु-अक्षी यंत्रें विकल्याचें त्या वर्षीं उघडकीस आलें. पंखा जितका अचूक कोरलेला, तितकी पाणबुडी पाण्यांत कमी आवाज करते; तेव्हां अमेरिकेंत मोठी खळबळ उडाली. आजहि अशा यंत्रांची निर्यात आंतरराष्ट्रीय करारांनीं नियंत्रित केलेली आहे, आणि त्यांपैकीं वासेनार करारांत भारत डिसेंबर २०१७ मध्यें सामील झाला. ज्या यंत्राची राष्ट्रांनीं एवढी धास्ती घ्यावी, तें आपल्या छपराखालीं असावें असें एखाद्या होतकरू कारखानदारास वाटलें, तर त्यांत नवल नाहीं. परंतु शिरूर-दौंडच्या छपरांत जे भाग येतात ते जहाजाचे पंखे नव्हेत, आणि यंत्राची थोरवी हा निवडीचा निकष होऊं शकत नाहीं. निवड करावयाची ती भागाकडे पाहून. म्हणून याच दोन तालुक्यांतील तीन वस्तु तपासून पाहूं.

पहिली वस्तु दौंड तालुक्यांतील. घोडनदीकाठचें शिरूर आणि भीमेकाठचें दौंड यांमध्यें उसाचा मोठा पट्टा आहे. केडगांवच्या बाजूस गुऱ्हाळें धुरानें ओळखूं येतात, आणि पाटसला भीमा सहकारी साखर कारखाना आहे. ऊस चरकांत घातला कीं, ज्या रोलरांमध्यें तो पिळला जातो, त्यांवर सभोंवार खाचा असतात. उसाबरोबर आलेली माती आणि वाळू या खाचा झिजविते. गाळपाचा हंगाम संपला म्हणजे रोलर बाहेर काढून खाचा पुन्हां कापून घ्याव्या लागतात. साखर कारखान्याचा रोलर टनांनीं वजनाचा असतो. एवढें धूड पाहून मोठेंच कांहीं यंत्र लागेल असें वाटतें. परंतु वस्तु गोल आहे. ती स्वतःच फिरते, आणि हत्यारास रोलरच्या लांबीच्या दिशेनें व त्याच्या मध्याकडे, अशा दोनच दिशांनीं चालावें लागतें. म्हणून येथें भक्कम बांध्याचा लेथ हवा. अक्ष दोनच पुरतात. पांच-अक्षी यंत्रावर हें काम नेणें म्हणजे गहूं दळण्यास सोनाराचा तराजू नेण्यासारखें आहे. नाजूकपणा आणि बळकटपणा हे दोन निरनिराळे गुण आहेत, आणि चरकाच्या रोलरास दुसरा हवा असतो.

दुसरी वस्तु रांजणगांवची. तेथें फियाट आणि टाटा यांच्या भागीदारीच्या कारखान्यांत मोटारी आणि इंजिनें तयार होतात. मोटारीच्या इंजिनाचें डोकें, ज्यास सिलिंडर हेड म्हणतात, तें पाहिलें तर सामान्य मनुष्य चकित होतो. वर, खालीं, दोन्ही बगलांस भोंकें. कोठें तेलाची वाट, कोठें पाण्याची, कोठें हवेची. अनेक पेट्रोल इंजिनांत व्हॉल्व्ह कललेले बसतात, म्हणून त्यांचीं भोंकेंहि तिरपीं असतात. हें पाहून पांच अक्षांची आठवण होणें साहजिक आहे. परंतु नीट निरखलें तर असें दिसतें कीं, व्हॉल्व्ह कितीहि असले तरी ते बहुधा दोनच ओळींत आणि एकाच पातळींत डावी-उजवीकडे कललेले असतात. तेव्हां वस्तु एकाच रेषेभोंवतीं फिरविली कीं, त्या सर्व बाजू एकामागून एक हत्यारासमोर येतात. तीन सरळ अक्ष आणि एक फिरतें मेज, असें आडव्या स्पिंडलचें चार-अक्षी यंत्र येथें शोभतें. आडव्या स्पिंडलचा आणखी एक लाभ असा कीं, कापलेला कीस भोंकांत सांचून न राहतां आपोआप खालीं पडतो.

येथेंच या सर्व विषयाचें मर्म सांपडतें. व्हॉल्व्ह ज्यांत सरकतो ती नळी आणि व्हॉल्व्ह ज्यावर टेकतो ती बैठक, हीं दोन्ही एकाच मध्यरेषेवर असावीं लागतात. नाहीं तर व्हॉल्व्ह नीट मिटत नाहीं. नळी एका पकडींत कापली, वस्तु सोडली, पुन्हां बांधली आणि मग बैठक कापली, तर दुसऱ्या पकडींत वस्तु बसली तशीच बसेल याची शाश्वति नाहीं. धुळीचा एक कण, किसाचा एक तुकडा, पकडीचा थोडा अधिक जोर, आणि मिलिमीटरचा पन्नासावा भाग हातचा गेला. तो भाग मनुष्याच्या केसाच्या जाडीहूनहि कमी असतो, परंतु इंजिनास तो कळतो. म्हणून ज्या दोन पृष्ठभागांचें परस्परांशीं जुळणें महत्त्वाचें, ते एकाच पकडींत कापावे, हा यंत्रकामाचा जुना आणि अबाधित नियम आहे. अधिक अक्षांचा पहिला उपयोग याकरितां आहे. वक्र आकार कोरणें हा त्यांचा उपयोग दुसरा, आणि तो तुलनेनें क्वचित् लागतो. कारखान्यांत पकडीच्या तयारीस सेटिंग म्हणतात. येथें मांडणी म्हणूं. हुशार कारखानदार यंत्राचे अक्ष मोजण्यापूर्वीं भागाच्या मांडण्या मोजतो.

तिसरी वस्तु दौंड तालुक्यांतीलच कुरकुंभची. तेथील औद्योगिक वसाहत मुख्यत्वेंकरून रसायनांची आहे. रसायनें वाहून नेणाऱ्या पंपांत जो फिरता पंखा असतो, त्यास इंपेलर म्हणतात. त्याचीं पातीं शंखाप्रमाणें पिळलेलीं असलीं, तर पात्याच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत हत्याराची दिशा अखंड बदलत न्यावी लागते. बदलली नाहीं तर हत्याराची मान शेजारच्या पात्यास घासते. येथें पांचहि अक्ष एकाच क्षणीं चालावे लागतात, आणि येथेंच पांच-अक्षी यंत्र आपल्या खऱ्या अधिकारानें उभें राहतें. समजा, एका कारखान्याचा पंप अकस्मात् बंद पडला, इंपेलर झिजून निकामी झाला आणि त्याचा सांचा कोणाजवळ नाहीं. अशा वेळीं गंजरोधक पोलादाच्या भरीव गोळ्यांतून एकच इंपेलर कोरून काढणें, हा मार्ग महाग वाटला तरी उत्पादन थांबण्याहून स्वस्त असतो.

तथापि येथेंहि एक किंतु आहे. तोच इंपेलर वर्षास शेंकड्यांनीं लागत असेल, तर कोणताहि जाणता मनुष्य तो भरीव धातूंतून कोरणार नाहीं. तो ओतून घेईल, आणि फक्त मधलें भोंक, दोन तोंडें आणि बाहेरचा घेर लेथवर साफ करील. पातीं दोन चकत्यांमध्यें बंदिस्त असलेला इंपेलर तर बहुधा ओतलाच जातो, कारण आंत हत्यार शिरण्यास वाट फार थोडी असते. तात्पर्य, कोणत्या यंत्रावर कापावें हें विचारण्यापूर्वीं मुळांत किती कापावें हें विचारलें पाहिजे. जी धातु ओतकामांत किंवा घडकामांत आपल्या जागीं आणून ठेवतां येते, तिचा कीस करण्यांत शहाणपण नाहीं.

आतां पैशाचा हिशेब पाहूं. पुढील आंकडे उदाहरणापुरते धरलेले आहेत. प्रत्येकानें आपले आंकडे घालून पाहावें. पांच बाजूंनीं काम असलेला एक भाग आहे. तीन-अक्षी यंत्रावर त्यास चार मांडण्या लागतात, पांच-अक्षी यंत्रावर दोन. एका मांडणीच्या तयारीस दोन तास धरूं. तीन-अक्षी यंत्राचा तास ५०० रुपयांचा आणि पांच-अक्षीचा १५०० रुपयांचा धरूं. भाग बसविण्याकरितां जीं फिक्स्चर करावीं लागतात, त्यांचा खर्च पहिल्या यंत्रावर २०,००० रुपये आणि दुसऱ्यावर ३,००० रुपये. प्रत्येक नगास पहिल्या यंत्रावर सर्व मिळून एक तास आणि दुसऱ्यावर पाऊण तास लागतो.

सहाच नग करावयाचे असल्यास तीन-अक्षी यंत्रावर तयारीचे ४,०००, फिक्स्चरचे २०,००० आणि कापण्याचे ३,०००, म्हणजे एकूण २७,००० रुपये लागतात. पांच-अक्षी यंत्रावर तयारीचे ६,०००, फिक्स्चरचे ३,००० आणि कापण्याचे ६,७५०, म्हणजे एकूण १५,७५० रुपये. महाग यंत्र स्वस्त पडलें! आतां तेच २,००० नग करावयाचे आहेत असें धरा. तीन-अक्षी यंत्रावर एकूण खर्च १०,२४,००० रुपये येतो आणि पांच-अक्षी यंत्रावर २२,५९,००० रुपये. आतां तेंच यंत्र दुपटीहून महाग झालें. या उदाहरणांत दोन्ही पारडीं २४ नगांवर समान होतात. लोकांची सामान्य समजूत अशी असते कीं, काम पुष्कळ असलें म्हणजे भारी यंत्र घ्यावें. हिशेब नेमका उलट सांगतो. नमुन्याचे नग, सांच्यांचें काम, विमानांचे भाग, दुरुस्तीचा एकच नग, अशा थोड्या आणि अवघड कामांत पांच-अक्षी यंत्र फिक्स्चरचा आणि तयारीचा खर्च वांचवितें. हजारोंनीं निघणाऱ्या सोप्या भागास फिक्स्चरचा खर्च नगागणिक वांटला जाऊन नाममात्र होतो, आणि साधीं यंत्रें एका ओळींत लावणें किफायतीचें ठरतें.

अर्थात् हा हिशेब एका अटीवर खरा आहे. चार मांडण्यांत जी चूक सांचते, ती ड्रॉइंगनें दिलेल्या मर्यादेंत बसली पाहिजे. दोन भोंकांतील अंतरास शतांश मिलिमीटरची मर्यादा असेल आणि तीं भोंकें दोन निरनिराळ्या मांडण्यांत कापलीं जात असतील, तर स्वस्त नग ढिगानें परत येतील. आणि परत आलेला नग सर्वांत महाग असतो.

पांच-अक्षी यंत्राचा उपयोग करण्याच्या दोन रीति आहेत, आणि त्यांतील भेद ध्यानांत न घेतल्यानें पुष्कळ पैसा व्यर्थ जातो. एका रीतींत पांचहि अक्ष एकसमयावच्छेदेंकरून चालतात. ती इंपेलरची रीति. दुसरींत मेज हव्या त्या कोनांत कलवून तेथें घट्ट जखडतात आणि मग कापणें तीनच अक्षांनीं होतें. हिला 'तीन अधिक दोन' असें म्हणतात. तिरपीं भोंकें आणि अनेक बाजूंचें सपाट काम असलेल्या नित्याच्या भागांस ही दुसरी रीति पुरते. तिचा प्रोग्राम सोपा असतो आणि जखडलेलें मेज अधिक स्थिर राहतें. शिवाय वस्तु कलवितां आल्यामुळें लांब हत्याराऐवजीं आंखूड हत्यार चालतें. हा लाभ लहान नव्हे. हत्यार पकडीबाहेर जितकें लांब, तितकें तें लवतें, आणि हें लवणें लांबीच्या घनाच्या प्रमाणांत वाढतें. लांबी निम्मी केली तर लवणें एक-अष्टमांशावर येतें. जो भाग गोल आहे परंतु ज्यावर कोठें सपाटी, कोठें आडवें भोंक आहे, त्यास तर फिरत्या हत्याराची सोय असलेला लेथ पुरतो. त्याकरितां मिलिंगच्या यंत्राकडे जाण्याचेंहि कारण नसतें.

अधिक अक्षांचा दुसराहि एक परिणाम होतो, आणि तो विक्रेत्याच्या पत्रकांत ठळक अक्षरांत छापलेला नसतो. प्रत्येक अक्ष स्वतःची चूक बरोबर घेऊन येतो. फिरत्या मेजाच्या कोनांत दहा विकलांची चूक असली, तर मध्यापासून २०० मिलिमीटरवर ती सुमारें एक शतांश मिलिमीटर होते. त्यांत हवामानाची भर पडते. मापनशास्त्रांत सर्व मापें २० अंश उष्णतामानास धरलेलीं असतात. शिरूर-दौंडचा वैशाख चाळिशी गांठतो. पोलादाचा ३०० मिलिमीटर लांबीचा तुकडा दहा अंशांनीं तापला, तर सुमारें ३५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे ३५ सहस्रांश वाढतो. ॲल्युमिनियमचा त्याच्या दुप्पट. दुपारीं पत्र्याच्या छपराखालीं कापलेला भाग गिऱ्हाइकाच्या थंड खोलींत मोजला म्हणजे आंखूड भरतो, आणि दोष यंत्राच्या किंवा कामगाराच्या माथीं येतो. ज्यानें भारी यंत्र घेतलें आणि खोली थंड ठेवण्याचा खर्च धरला नाहीं, त्यानें अचूकपणा विकत घेऊन उन्हांत ठेवला असें म्हणावें लागेल.

सर्वांत मोठा खर्च मात्र मनुष्याच्या बुद्धीचा आहे. तीन-अक्षी यंत्राचा प्रोग्राम आयटीआयमधून आलेला चुणचुणीत मुलगा वर्ष-सहा महिन्यांत लिहूं लागतो. पांच अक्ष एकदम चालविण्यास संगणकावर हत्याराची सारी वाट आधीं आंखावी लागते, आणि वाटेंत हत्यार, पकड आणि मेज हीं एकमेकांवर आदळणार नाहींत, याची खात्री पडद्यावर करून घ्यावी लागते. कारण मेज कललें कीं, कोणती वस्तु कोठें येईल, हें नुसत्या नजरेनें सांगणें अनुभवी मनुष्यासहि कठीण जातें. एका आदळण्यांत स्पिंडल निकामी होतें आणि दुरुस्तीपर्यंत यंत्र थांबतें. यंत्र थांबलें तरी बँकेचा हप्ता थांबत नाहीं. तेव्हां यंत्राच्या किंमतीबरोबर माणसाच्या शिक्षणाची किंमत वहींत लिहिली गेली पाहिजे. शिकलेला मनुष्य पुणें-चाकणकडे निघून जाऊं नये, याकरितां द्यावयाच्या पगाराचाहि विचार त्याच पानावर व्हावा.

आतां रात्रीं वही घेऊन बसलेल्या त्या मालकाकडे परत येऊं. त्यानें प्रश्न कोणत्या क्रमानें विचारावे? पहिला प्रश्न, हा भाग सबंध कापूनच करावयाचा काय, कीं ओतून वा घडवून आणून थोडाच कापावयाचा? दुसरा, तो मूळचा गोल आहे काय? असल्यास लेथ. तिसरा, कोणते पृष्ठभाग परस्परांशीं किती बारकाईनें जुळावयाचे आहेत, आणि म्हणून कोणते एकाच मांडणींत कापले पाहिजेत? चौथा, हत्यार किती दिशांनीं आंत यावयास हवें, आणि त्या सर्व दिशा एकाच रेषेभोंवतीं फिरून मिळतात काय? मिळत असल्यास चौथा अक्ष पुरे. पांचवा, कापतांना हत्याराची दिशा अखंड बदलावी लागेल असा एखादा पिळलेला आकार त्यांत आहे काय? नसल्यास 'तीन अधिक दोन'. सहावा, नग किती आणि किती वर्षें? आणि शेवटचा, या एका भागाखेरीज त्या यंत्राचे उरलेले तास कोणत्या कामानें भरणार?

समजा, हे प्रश्न मनाशीं ठरवून मालक दुसऱ्या दिवशीं गिऱ्हाइकाच्या इंजिनियराकडे गेला. बोलतां बोलतां असें निघालें कीं, ड्रॉइंगवर आठ ठिकाणीं बारीक मर्यादा लिहिल्या असल्या, तरी खरी गरज दोन भोंकांपुरती आहे. बाकीच्या संवयीनें लिहिलेल्या आहेत. तीं दोन भोंकें समोरासमोरच्या बाजूंस आहेत. म्हणजे असलेल्या तीन-अक्षी यंत्रावर एक फिरतें मेज बसविलें, तर दोन्ही एकाच पकडींत कापतां येतील. तिरपें असें एकच छिद्र उरतें, आणि त्यास एक स्वतंत्र फिक्स्चर पुरतें. पहिले दहा नमुने तो भोसरीच्या एखाद्या कारखान्यांत पांच-अक्षी यंत्रावर तासाच्या भाड्यानें करवून घेतो, ते गिऱ्हाइकाकडून पसंत होतात, आणि पुढची मागणी आपल्याच छपराखालीं सुरू होते. भाड्यानें करवून घेतलेल्या कामाचे तास तो वहींत एका बाजूस मांडून ठेवतो. ते तास वाढत वाढत ज्या दिवशीं यंत्राच्या हप्त्याएवढे होतील, त्या दिवशीं प्रतिनिधीस बोलावण्यास हरकत नाहीं. तोंपर्यंत त्याचें पत्रक वहीच्या शेवटच्या पानांत नीट घडी करून ठेवलेलें बरें.